गाण्यामागची माणसं

मंडळी, आज एका सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू या. 'शोला जो भडके' हे गाणं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गाण्याचं नाव घेताच भगवानदादांची ती डुलत डुलत नाचायची लकबही डोळ्यांपुढे आली असेल. १९५१ चा 'अलबेला'. हे गाणं गायलं कोणी? लता मंगेशकर आणि चितळकर. हे चितळकर म्हणजेच चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र. जाणकार मंडळी इथपर्यंत सहज येतात. मग मी विचारतो, लिहिलं कोणी? इथे जरा पंचाईत होते. कोणीतरी डोकं खाजवून राजेंद्र कृष्ण हे नाव सांगतो. आणि वाजवलं कोणी? यावर सगळे एकमेकांकडे पाहतात.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, तो माझ्या मामूंचा आहे. माझे मामू नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हिवाळ्या-उन्हाळ्यात वराती आणि पावसाळ्यात शिवणकाम असा त्यांचा वर्षाचा हिशेब. आमच्या मोमिनपुऱ्यातल्या घरी ते आले की आधी रेडिओ लावायचे. विविध भारतीवर नवं गाणं लागलं की मांडीवर वही घ्यायची आणि पेन्सिलीने सा-रे-ग-म लिहीत बसायचं. गाणं तीन मिनिटांत संपायचं. तेवढ्यात मुखडा हाती लागायचा, अंतरा राहायचा. मग पुन्हा ते गाणं लागेपर्यंत दोन-दोन दिवस वाट पाहायची. अंतरा मिळाला की मधलं संगीत राहिलेलं असायचं. अम्मी म्हणायची, "भाईजान, चाय थंडी हो रही." मामू हातानेच तिला गप्प करायचे. असं एकेक गाणं आठवडाभरात वहीत उतरायचं आणि पुढच्या वरातीत रस्त्यावर वाजायचं.

एखादं गाणं ऐकायला सोपं वाटतं, पण ते सोडवून पाहिलं की त्यात किती हात गुंतलेले आहेत ते कळतं. मामूंना ते आपसूक कळलं होतं, कारण ते रोज गाणी सोडवून पाहत होते. मला कळायला बराच वेळ लागला. आज मला जे समजलं आहे, ते तुम्हाला सांगतो. सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करू या.

नागपुरात शंकरराव सप्रे नावाचे गुरुजी गाणं शिकवत. श्रीराम संगीत विद्यालय ही त्यांची शाळा. या एकाच गुरूंकडे दोन मुलं शिकली. एकाचा जन्म १९१८ चा, गाव पुणतांबे, नाव रामचंद्र नरहर चितळकर. दुसऱ्याचा जन्म १९२० चा, गाव आपल्या अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर, नाव वसंत देशपांडे. पहिला पुढे सी. रामचंद्र झाला आणि दुसरा पंडित वसंतराव देशपांडे. सुरांची अक्षरओळख एकाच फळ्यावर झाली आणि पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या पाहा! एक जण चित्रपटात गेला आणि साऱ्या देशाला त्याने ठेका धरायला लावला. दुसऱ्याने वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली आणि तरीही गाणं सोडलं नाही.

आधी सी. रामचंद्रांकडे जाऊ. मुंबईत त्यांनी मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियम वाजवण्याचं काम केलं. म्हणजे तेही एके काळी नाव नसलेले वादकच होते. पुढे संगीतकार झाल्यावर त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्या काळात मुंबईच्या हॉटेलांमधून जॅझ वाजवणारे गोव्याचे कलावंत होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी, व्हायोलिन, गायन शिकवलं जाई. ही मुलं मोठी झाली आणि पोटापाण्यासाठी मुंबईला आली. त्यांतलेच एक अंतोनियो झेवियर वाझ. गाव आल्दोना. ट्रम्पेट असा वाजवायचे की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्यांचं टोपणनाव चिक चॉकलेट. सी. रामचंद्रांनी त्यांना आपल्याकडे घेतलं. 'अलबेला'च्या पडद्यावरही चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड दिसतो. सप्रे गुरुजींच्या शाळेतली सरगम आणि आल्दोनाचा ट्रम्पेट यांची अशी गाठ पडली. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' याच दोस्तीच्या वातावरणातून आलं. आणि हेच सी. रामचंद्र १९६३ च्या २७ जानेवारीला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये कवी प्रदीपांचे शब्द आणि लताबाईंचा आवाज घेऊन 'ऐ मेरे वतन के लोगो' देशापुढे ठेवतात. एकाच माणसाच्या पोतडीत नाचही आणि डोळ्यांतलं पाणीही.

आता इथे थांबून गाणं बनतं कसं ते पाहू. संगीतकार चाल बांधतो. चाल म्हणजे गाण्याचा कणा. पण नुसत्या चालीवर गाणं उभं राहत नाही. मुखडा संपला आणि अंतरा सुरू व्हायचा आहे, तेव्हा मध्ये काय वाजणार? व्हायोलिन किती, बासरी कुठे, गायिकेने श्वास घेतला त्या जागेत सतार भरायची की मोकळी ठेवायची? हे ठरवणाऱ्याला संगीत संयोजक म्हणतात. चित्रपटांतले अनेक मोठे संयोजक गोव्याचे होते. कारण साधं होतं. चाळीस-पन्नास वादकांना एकाच वेळी वेगवेगळं वाजवायला लावायचं तर ते कागदावर लिहून द्यावं लागतं आणि ती लिपी त्यांना लहानपणापासून येत होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो व्हायोलिनचा भरजरी ताफा आठवा. त्यामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच दुसरे नाव. व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन ज्या नावाचं गाणं म्हणतात, ते नाव प्यारेलाल यांच्या या गुरूंचं. शिष्याने गुरूचं नाव गल्लीबोळात पोहोचवलं. तरी गंमत अशी की, नाव सगळ्यांच्या ओठांवर आणि ते खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक.

ध्वनिमुद्रणाची त्या काळची पद्धतही समजून घ्या. आजच्यासारखं गायकाने आज गायलं, तबलजीने उद्या वाजवलं आणि संगणकावर जोडलं, असं नव्हतं. सगळे एकाच दालनात, एकाच वेळी. गायिका, कोरस, वादक, सगळे. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याची गज चुकली की गाणं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. आपली जुनी गाणी तीन मिनिटांची का, याचं उत्तर बरंचसं त्या तबकडीत आहे. ती तीन मिनिटं निर्दोष निघावीत म्हणून पन्नास माणसं जीव मुठीत धरून वाजवत. आणि तबकडीवर नावं किती? गाणाऱ्याचं, संगीतकाराचं, चित्रपटाचं.

कधी कधी गाणाऱ्याचंही नसायचं. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. गाणं रेडिओवर लागलं तशी श्रोत्यांची पत्रं येऊ लागली, ही गाते कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. म्हणजे नाव कळावं म्हणून श्रोत्यांनी हट्ट धरला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. श्रोत्यांनी विचारलं की नाव कळतं. पुढे याच लताबाईंनी 'साधी माणसं'सारख्या मराठी चित्रपटांना संगीत दिलं, पण ते 'आनंदघन' या टोपणनावाने. स्वतःहून नाव झाकणं वेगळं आणि दुसऱ्याने ते गाळणं वेगळं.

आता सप्रे गुरुजींच्या दुसऱ्या शिष्याकडे वळू. १९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आलं. वसंतरावांनी त्यात खाँसाहेब आफताब हुसेन साकारले आणि ते इतके खाँसाहेब झाले की, आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग त्यांच्याविषयी घरचं माणूस असल्यासारखं बोलत. या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर. मास्तर आपल्या नागपूरचे. रंजन कला मंदिर त्यांनीच इथे उभं केलं आणि आकाशवाणीतही त्यांनी नोकरी केली. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, ते पुन्हा गोव्याचे. या नाटकात एक फार मोठा धडा आहे. 'घेई छंद' हे एकच पद दोन वेगवेगळ्या चालींत येतं. शब्द तेच, पण एका चालीत ते संथ, घरंदाज वाटतं आणि दुसऱ्या चालीत अंगावर झेपावतं. संगीतकार नेमकं काय करतो, असं तुम्हाला कोणी विचारलं तर ही दोन पदं पाठोपाठ ऐकवा. वेगळं व्याख्यान द्यायची गरज नाही.

शब्दांचा विषय निघाला म्हणजे मला सुरेश भटांपाशी यावंच लागतं. जन्म १९३२, अमरावती. अखेरची वर्षं नागपुरात आणि इथेच १४ मार्च २००३ रोजी त्यांचं निधन झालं. रेशीमबागेतलं मोठं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. भटांनी मराठी गझलेला नुसती लोकप्रियता दिली नाही, शिस्त दिली. 'गझलेची बाराखडी' ही त्यांची छोटी पुस्तिका माझ्यासारख्या कितीतरी जणांची पहिली शाळा. त्यात जे आहे ते गाण्याच्या अंगाने थोडक्यात सांगतो. गझलेची प्रत्येक ओळ एकाच वृत्तात असते, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ओळीओळीला तोच. त्यामुळे पहिल्या शेराला चाल बसली की बाकीचे शेर त्या चालीत आपोआप बसतात. गायकाला मोकळीक मिळते, हवा तो शेर घ्या, हवा तो सोडा. चित्रपटगीतात पुष्कळदा उलटं असतं. चाल आधी तयार होते आणि कवीला त्या मापाचे शब्द भरावे लागतात. मी स्वतः असे शब्द भरले आहेत. संगीतकार 'ला ला ला' म्हणतो आणि आपण त्या 'ला'मध्ये अर्थ शोधतो. ते काम कमी प्रतीचं नाही. शिवलेल्या सदऱ्यात अंग बसवायचं आणि सदरा अंगासाठीच शिवला असं वाटायला लावायचं, याला कसब लागतं.

भटांच्या शब्दांचा प्रवास पाहा. 'मलमली तारुण्य माझे' हे 'घरकुल'मधलं गाणं, गायिका आशाताई आणि संगीत पुन्हा सी. रामचंद्रांचंच! पुणतांब्याहून नागपूरमार्गे मुंबईला गेलेला संगीतकार आणि अमरावतीचा कवी असे भेटतात. मग हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये भटांचे शब्द रस्त्यावरचा राग घेऊन येतात आणि १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये एकटेपण. त्यांचीच 'भीमराया' ही वंदना आज वस्त्यावस्त्यांत म्हटली जाते. त्यांचीच मराठीविषयीची कविता कौशल इनामदारांनी २०१० साली शेकडो गायकांकडून गाऊन घेतली आणि ती मराठी अभिमानगीत झाली. एकच कवी, पण भीमवंदना म्हणणाऱ्याला तो गझलकार म्हणून ठाऊक नसतो आणि गझल ऐकणाऱ्याला वंदना त्याची आहे हे ठाऊक नसतं.

भीमगीतांचा मुद्दा मी सोडून देणार नाही, कारण नागपूरच्या माणसाला तो सोडताच येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या शहराला गाण्याचा एक वेगळा मोसम मिळाला. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांची दुकानं लागतात. पूर्वी कॅसेटी असायच्या, मग सीडी आल्या. त्या गाण्यांमागे वामनदादा कर्डक हा प्रचंड माणूस उभा आहे. सिन्नरजवळच्या देशवंडीचा. अक्षरओळख मोठेपणी झाली आणि पुढे गाणी लिहिली ती हजारोंनी. त्या गाण्यांचा बाज लक्ष देऊन ऐका. कित्येकांची चाल कव्वालीची आहे. मुख्य गायक ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात, टाळी पडते, ढोलक चढते आणि तीच ओळ पुन्हा नव्या जोराने येते. मोठ्या जमावाला एका ओळीवर धरून ठेवायचं तर कव्वालीइतका पक्का साचा नाही. ताजबागेत उरसाच्या रात्री तो साचा ऐकलेल्या कानांना दीक्षाभूमीवरचं गाणं परकं वाटत नाही.

प्रल्हाद शिंदे घ्या. भीमगीतं त्यांची, कव्वाली त्यांची आणि आषाढीला घराघरांत लागणारं 'पाऊले चालती' तेही त्यांचंच. त्या गाण्याचे शब्द दत्ता पाटील यांचे आणि संगीत मधुकर पाठक यांचं. ही दोन नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती? मी हात वर करायला सांगत नाही, कारण मलाही ती चाळिशी उलटल्यावर कळली.

आता थोडं माझं स्वतःचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी मी मित्रांबरोबर सीताबर्डीला उभा होतो. समोरून वरात आली. मित्र नाचायला पुढे धावले. बँडच्या पहिल्या रांगेत लाल कोट घालून मामू क्लॅरिनेट वाजवत होते. मी एका दुकानाच्या खांबाआड झालो. मित्रांना कळू नये की हे माझे मामू. मी मराठी कविता लिहिणारा, मासिकात दोन कविता छापून आलेला! मामूंनी मला पाहिलं होतं. ते कधी काही बोलले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी शहरातल्या एका कार्यक्रमात माझी गझल गायली गेली. मी मामूंना घेऊन गेलो होतो. गझल रंगली, टाळ्या पडल्या. निवेदकाने गायकाचं नाव घेतलं, हार घालणाऱ्या पाहुण्यांचं घेतलं, मंडपवाल्याचेही आभार मानले. माझं नाव राहिलं. तबलजीचंही राहिलं. परतताना मी रिक्षात घुश्शातच होतो. मामूंनी विचारलं, "पैसे दिये क्या उन्होंने?" मी म्हटलं, नाही. मामू म्हणाले, "फिर तो नाम लेना था. हमको कम से कम पैसे तो मिलते." थोडं थांबून म्हणाले, "तबलेवाला कौन था, तूने पूछा?" मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला खांब आठवला. माझं नाव कोणी गाळलं म्हणून मी रागावलो होतो आणि मी तर माझ्या माणसाचं नाव रस्त्यावर, उजेडात गाळलं होतं.

कायद्याने या बाबतीत थोडं पाऊल टाकलं आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीताचा कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा करारात लिहून घेऊनही कोणी काढून घेऊ शकत नाही, असं ठरलं. जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर बरीच खटपट केली. सादर करणाऱ्या कलावंताच्या श्रेयाचा हक्कही कायद्याने मानला. पण संयोजक आणि साथीचे वादक यांचा व्यवहार अजूनही बहुतेक वेळा त्या दिवसाच्या बिदागीवर मिटतो. आणि मोबाइलवर गाणं लावलं तर पडद्यावर गायकाचं नाव मोठं दिसतं, कवीचं शोधावं लागतं.

मामूंचा बँडही राहिला नाही. रस्त्यावर आता धुमाल असतो. गाडीवर रचलेले ताशे-ड्रम आणि कीबोर्ड. त्या पोरांनाही मी नावं ठेवणार नाही, तासन्‌तास उन्हात वाजवणं सोपं नाही. पण क्लॅरिनेटचं काम संपलं. मामू जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात चित्रपटाचं नाव, खाली उर्दूत चार गोष्टी. आवाज, तर्ज, बोल, साज. पहिल्या तिघांपुढे नावं आहेत. ती रेडिओच्या निवेदकाकडून मिळालेली. 'साज'पुढे पानोपानी प्रश्नचिन्ह आहे. काही पानांवर ते खोडून पुढे नाव लिहिलं आहे. कुठून कुठून विचारून आणलं असेल, कोण जाणे. 'अलबेला'च्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, चिक चॉकलेट.

मंडळी, माझं मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी आवडतं गाणं लागलं की ते कोणी लिहिलं तेवढं शोधा. कार्यक्रमाला गेलात तर तबलजीला, पेटीवाल्याला भेटून नाव विचारा. कार्यक्रम तुम्हीच करत असाल तर निवेदकाच्या कागदावर सगळी नावं आधी लिहून द्या. मी अलीकडे माझ्या प्रत्येक मुशायऱ्यात, मैफलीत ही नावं स्वतः वाचतो. आणि मोमिनपुऱ्यात कोणी नव्या माणसाने विचारलं की तुम्ही कोण, तर सांगतो, त्या क्लॅरिनेटवाल्यांचा भाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)